पहिली पकड

एकदा एका वृद्ध अभियंत्याकडे एक शिष्य विद्या शिकायला आला. शिष्य हा माझा शब्द; कागदोपत्री तो इंटर्न होता. दोघांची नावे सांगत नाही, कारण नाव सांगितले की लोक पत्ता विचारतात, आणि पत्ता मिळाला की भेटायला जाऊन भल्या माणसाच्या कामाचा खोळंबा करतात. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड होती, तेथे हा वृद्ध कृत्रिम हात तयार करीत असे, आणि सारे त्यांना आप्पा म्हणत, एवढे पुरे.

वैरण कापायच्या कडबाकुट्टीत किंवा कारखान्यातल्या प्रेसखाली ज्यांचा हात गेला, अशी माणसे आप्पांकडे येत. आप्पांनी केलेल्या हाताची बोटे लहानशा मोटारीवर मिटत आणि उघडत. मनगटात काडेपेटीएवढा एक बोर्ड असे, आणि त्या बोर्डाच्या स्मृतीत एक आकडा लिहिलेला असे. पकडीची मर्यादा. शून्य म्हणजे बोटांत जोर नाही, शंभर म्हणजे मोटारीत असेल तेवढा सगळा जोर. माणसाला पाण्याचा पेला धरायचा असेल तर आप्पा वीस लिहीत, आणि त्यांच्या मते बहुतेक संसार विसावर चालतो.

शिष्याला पहिलेच काम मिळाले ते मालनबाईंच्या हाताचे. मालनबाई चाळिशी ओलांडलेल्या, उजवा हात कोपराखाली संपलेला. तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीवर वैरण कापताना पेंढीची दोरी बोटांना गुंडाळली गेली आणि हात आत ओढला गेला होता. माप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी हाताच्या रंगाची चौकशी केली नाही, वजनाची केली नाही. एकच विचारले.

"लेकीला नववा लागलाय, आप्पा. पहिलटकरीण हाय. तिची सासू म्हनली, आईला एकच हात, ती काय बाळंतपण करनार, पोरीला राहू द्या हितंच. म्या म्हनलं, न्हाई, पहिलं बाळंतपण म्हायेरातच व्हनार. आता बाळाला मांडीवर घेऊन कुंची बांधायची म्हनलं तरी दोन हात लागत्यात. ह्यो हात बाळाला धरंल का?"

"पाण्यात नेता येणार नाही, ताई. बाळाची आंघोळ दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी लागेल," आप्पा म्हणाले. "पण धरेल."

"धरंल ना? मग मी तिच्या सासूला तसं कळवते," मालनबाई म्हणाल्या, आणि येत्या गुरुवारी हात न्यायला येते असे सांगून गेल्या.

आता थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. व्हर्च्युअल मशीन हा शब्द वाचून कोणी पान उलटू नये. गोष्ट फार अवघड नाही. शेडमध्ये बरा म्हणावा असा एकच लॅपटॉप होता. त्यावर विंडोज होते, आणि त्यात आराखडे, पत्रव्यवहार, आप्पांच्या नातवंडांचे फोटो असा सगळा प्रपंच भरलेला. हाताच्या बोर्डावर प्रोग्रॅम चढवण्याची साधने मात्र लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवरच धड चालत. प्रपंच मोडायचा नाही आणि लिनक्स तर हवे, म्हणून शिष्याने लॅपटॉपच्या पोटातच एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभा केला. त्याला थोडी मेमरी तोडून दिली, थोडी डिस्क दिली आणि त्यात लिनक्स बसवले. हा आतला संगणक स्वतःला पूर्ण संगणकच समजतो. असे समजणारे बाहेरही पुष्कळ असतात, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.

पहिल्या दिवशी हात वायरीने जोडला, तर आतल्या लिनक्सला तो दिसेच ना. वायर बाहेरच्या संगणकात खोचलेली, आणि बाहेरचा ती सोडायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी शिष्याला वायर आतल्याच्या स्वाधीन करण्याची जागा सापडली आणि हात दिसू लागला; पण लिनक्स म्हणाले, दिसतो, तरी त्याच्याशी बोलायची तुला परवानगी नाही. तिसरा दिवस परवानगी मिळवण्यात गेला. ज्याने कोणत्याही कचेरीत दाखला काढला आहे, त्याला या क्रमाचे नवल वाटणार नाही. चौथ्या दिवशी शिष्याने कळ दाबली आणि टेबलावरच्या शिकंज्यात आवळून ठेवलेल्या त्या एकट्या हाताने बोटे मिटली, उघडली. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला हे लिहिताना बरे वाटते, कारण पोरगा खरोखर कष्टाळू होता.

त्याच दिवशी त्याने आतल्या संगणकाचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी आत जे जे आहे त्याची हुबेहूब नोंद. पुढे काही बिघडले, तर एक बटण दाबायचे, आणि आतले सारे जग त्या क्षणाला परत येते. मधले प्रमाद घडलेच नव्हते असे होते.

त्याने हे आप्पांना मोठ्या कौतुकाने दाखवले. मुद्दाम एक फाइल पुसली, बटण दाबले, फाइल जागच्या जागी. "आता कितीही चुका करा, आप्पा. एका मिनिटात मागे."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिले. "छान आहे. मागे येतं म्हणजे काय काय मागे येतं?"

"सगळं," शिष्य म्हणाला.

आप्पा चष्मा खाली ओढून आपल्या कामाला लागले. शिष्याला वाटले, म्हातारा थक्क झाला.

बुधवारी दुपारी, म्हणजे मालनबाई यायच्या आदल्या दिवशी, शिष्याला एक बुद्धी सुचली. या मोटारीत एकूण जोर तरी किती आहे? मागे येण्याची सोय असलेल्या माणसाला असे प्रश्न फार पडतात. त्याने मर्यादा शंभर केली, ती हाताच्या बोर्डावर चढवली, पाण्याची रिकामी बाटली बोटांत दिली आणि कळ दाबली. बाटली कडकडून चपटी झाली आणि झाकण उडून पत्र्याला लागले. शिष्य दचकला, मग हसला. नंतर प्रोग्रॅममध्येही काहीतरी फिसकटले, पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळींवर ओळी येऊ लागल्या. तो मुळीच घाबरला नाही. त्याने स्नॅपशॉट परत लावला. लाल अक्षरे गेली, फिसकटलेले गेले, शंभरही गेले. पडद्यावर पूर्वीचे वीस दिसू लागले. चपटी बाटली कचऱ्यात टाकून तो चहाला गेला.

येथे वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण शिष्याला ती ठाऊक नव्हती. पडद्यावर वीस आले होते. मनगटातल्या बोर्डावर मात्र शंभर लिहिलेले होते ते तसेच होते. बोर्ड आतल्या संगणकात नव्हताच कधी. तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला होता, शिकंज्यात, आपल्या या जगात, आणि त्याला कोणीही मागे ये म्हणून सांगितले नव्हते.

गुरुवारी सकाळी अकराच्या एसटीने मालनबाई आल्या. एकट्याच आल्या. लेक माहेरी आली आहे, पण सातव्यापासून पाय सुजताहेत म्हणून तिला सोबत आणली नाही, डॉक्टर म्हणतात कधीही दिवस भरतील, असे त्यांनी सांगितले. पाणी प्यायल्या, पेला डाव्या हाताने विसळून पालथा ठेवला आणि टेबलावरच्या हाताकडे पाहत बसल्या.

"आजच घालता येईल का ओ? म्हंजे घरी सवय हुईल बाळ यायच्या आत."

"आजच," शिष्य म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला, आतला संगणक सुरू केला, वायर जोडली, आज्ञा लिहून ठेवली. आता एंटर दाबले की बोटे मिटणार. सगळे सुरळीत होते, आणि मालनबाई पाहत होत्या म्हणून त्याने ते जरा ऐटीतच केले.

आप्पा येऊन टेबलापाशी उभे राहिले. "मर्यादा किती आहे?"

"वीस."

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे? हे काय, पडद्यावर आहे ना, आप्पा."

आप्पांनी खुंटीवरचे फडके काढले आणि ते लॅपटॉपच्या पडद्यावर टाकले. पडदा झाकला गेला, कळा तेवढ्या उघड्या राहिल्या. मग त्यांनी सदऱ्याची बाही दुमडली आणि आपला उजवा हात शिकंज्यातल्या हाताच्या उघड्या पंजात ठेवला. आप्पांचे वय एकाहत्तर. बोटांची हाडे वरून मोजता यावीत असा तो हात.

"इथल्या प्रत्येक हाताची पहिली पकड मी घेतो," ते म्हणाले. "पडद्याकडे बघायचं नाही. माझ्या बोटांकडे बघ, आणि दाब."

शिष्याचे बोट एंटरवर गेले आणि तिथेच राहिले. यात काय आहे, असे तो स्वतःला म्हणाला. वीस आहे, विसाने पेलाही फुटत नाही. त्याने फडक्याकडे पाहिले. फडक्यामागे वीस आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. मग त्याने आप्पांच्या बोटांकडे पाहिले, आणि तिथे काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

"दाब ना," आप्पा म्हणाले.

"एक मिनिट."

"कशाला? चुकलं तर मागे येऊ."

हे आप्पा अगदी सहज बोलले, टोमणा मारल्यासारखे नाही. पण शिष्याला कालची दुपार आठवली. काल आपण मागे आलो. कोण कोण आले मागे? फाइल आली. पडदा आला. बाटली? बाटली तर चपटीच होती, ती आपण आपल्या हाताने कचऱ्यात टाकली. मग बाटली ज्याने चपटी केली, तो?

एंटरवरचे बोट उचलायचीसुद्धा त्याला भीती वाटू लागली, न जाणो उचलताना दाबले गेले तर. पत्र्याखाली पंखा गरगरत होता. मालनबाईंना यातले काहीच कळत नव्हते, पण पोराचा चेहरा त्यांना दिसत होता, आणि त्या खुर्चीच्या कडेवर पुढे सरकल्या होत्या. शिष्याने दुसऱ्या हाताने त्या हाताचे मनगट धरले आणि बोट सरळ वर उचलून घेतले. मग टेबलाखाली वाकून त्याने आधी मोटारीची बॅटरी सोडवली.

"आप्पा, हात काढा," तो म्हणाला.

आप्पांनी हात काढला. शिष्याने फडके बाजूला केले. पडद्यावर वीसच होते. त्याने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने एक वेगळी आज्ञा लिहिली, जी त्याने इतक्या दिवसांत एकदाही लिहिली नव्हती. तिने बोर्डालाच विचारायचे होते, तुझ्याकडे किती लिहिले आहे? वायरीतून प्रश्न गेला, क्षणभराने उत्तर आले.

शंभर.

शिष्याने तीच आज्ञा पुन्हा दिली, उत्तर तेच आले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने आप्पांना विचारले.

"नाही रे. ठाऊक असतं तर हात कशाला घातला असता? मी म्हातारा आहे, वेडा नाही." आप्पा बाही खाली करीत म्हणाले. मग ते शिष्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तुझ्या त्या आतल्या संगणकाला मी नावं ठेवणार नाही," ते म्हणाले. "चांगला उभा केलायस. शिकणाऱ्याला चुकायची मुभा लागते, आणि ती तिथे आहे. पण त्या मुभेला हद्द आहे. वायर जिथे मनगटात शिरते तिथे ती संपते. अलीकडे तू हवा तेवढा मागे ये. पलीकडे जे झालं ते झालं. मी माझ्या लग्नाचा फोटो भिंतीवर लावला म्हणून मी पुन्हा नवरदेव होत नाही. पडदा तुला काय सांगतो? तू काय लिहिलं होतंस ते. हात काय करणार आहे ते पडद्याला माहीतच नाही. ते हातालाच विचारावं लागतं, दर वेळी, आणि ज्याचं हाड मध्ये असेल त्याच्याकडे बघत विचारावं लागतं. म्हणून मी फडकं टाकतो."

शिष्याने मान डोलावली. त्याला वाटले, एवढ्यावर सुटलो.

"आता त्यांना सांग," आप्पा मालनबाईंकडे पाहून म्हणाले. "मी सांगणार नाही."

शिष्याने मालनबाईंसमोर उभे राहून सांगितले. काल काय केले ते सांगितले, बाटलीचे सांगितले, पडदा आणि हात यांत फरक पडला होता आणि तो आपल्याला कळला नव्हता हेही सांगितले. "हा हात तसाच तुम्हाला दिला असता, मावशी, तर..."

मालनबाईंचा डावा हात आपोआप उजव्या कोपराखाली, जिथे हात संपत होता तिथे गेला. "तर बाळाचा दंड मोडला असता," त्या म्हणाल्या. हे त्या रागाने बोलल्या नाहीत. नुसते त्याचे वाक्य पुरे केले. पण माझ्या माहितीप्रमाणे शिष्याला आयुष्यात कोणी याहून कठोर बोलले नसेल.

त्याने बॅटरी पुन्हा जोडण्याआधी बोर्डावर वीस लिहिले. मग बोर्डाला विचारले. बोर्ड म्हणाला, वीस. त्याने वायर काढून पुन्हा लावली आणि पुन्हा विचारले. वीस. "आता माझा हात ठेवतो," तो बॅटरी जोडून म्हणाला.

"पहिली पकड माझी," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात ठेवला.

या वेळी पडदा उघडा होता, तरी शिष्याने तिकडे पाहिले नाही. त्याने आप्पांच्या बोटांकडे पाहत एंटर दाबले. यांत्रिक बोटे हळूच मिटली, आप्पांच्या कातडीला टेकली आणि थांबली. आप्पांनी हात अलगद ओढून घेतला. "झालं. वीस आहे. घाला त्यांना."

"थांबा," मालनबाई म्हणाल्या. "तुमचा हात त्यातनं निसटला की."

"हो. म्हणजे दुखणार नाही, ताई."

"दुखनार न्हाई, पर बाळ ऱ्हाईल का त्यात? तेल लावलेलं बाळ असतंय, आप्पा, वळवळतंय. एवढं सैल धरलं तर मांडीवरनं खाली जाईल. मग तुमच्या त्या शंभरानं मोडलं काय नि विसानं पडलं काय."

वीस हा आकडा आप्पांनी कित्येक वर्षांपूर्वी पेल्यांवरून ठरवला होता, आणि आजवर एकही पेला वळवळला नव्हता.

"मग किती ठेवायचं, मावशी?" शिष्याने विचारले.

"मला आकडं काय सांगता येतंय? हितं ये. दोन बोटं जुळव. बाळाचा दंड एवढाच असतोय." मालनबाईंनी शिष्याची डाव्या हाताची दोन बोटे आपल्या डाव्या मुठीत धरली. त्यांची मूठ खरखरीत होती, पण धरणे तसे नव्हते. कुठेही टोचत नव्हते आणि कुठूनही सुटता येत नव्हते. "येवढा जोर. बघ ध्यानात राहतोय का."

"सोडू नका," शिष्य म्हणाला. उजव्या हाताची दोन बोटे जुळवून ती त्याने शिकंज्यातल्या पंजात ठेवली. आता त्याचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून कळेपाशी आप्पांना बसावे लागले. गुरू लिहू लागले आणि शिष्य सांगू लागला.

"चोवीस." आप्पांनी चोवीस लिहिले, बोर्डाला विचारले, बोर्डाने चोवीस म्हटले, मग दाबले. "कमी आहे, आप्पा." अठ्ठावीस. "अजून थोडं." चौतीस. शिष्याने ओठ आवळले. "नको, जास्त झालं, उघडा." आप्पांनी घाईने उघडले, आणि या वयात आपल्याला कोणाच्या तरी बोटांसाठी इतकी घाई होते, याचे त्यांना बरे वाटले. एकतीस लिहिले. बोर्डाला विचारले. बोटे मिटली.

शिष्याने डोळे मिटून घेतले. डावीकडे मालनबाईंची मूठ होती, उजवीकडे मालनबाईंचा होणारा हात. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

"दुखतंय का?" मालनबाईंनी विचारले.

"नाही."

"निसटतंय का?"

त्याने दोन्हीकडची बोटे एकदम ओढून पाहिली. "नाही."

"मग ह्योच आकडा लिवा," त्या म्हणाल्या.